सायकलीची वाट : बेळगावच्या दुकानापासून आपल्या छावणीपर्यंत

स्मरणिकेच्या बैठकीत यंदा विषय निघाला तेव्हा संपादक मंडळींचे म्हणणे पडले की महादजी, किल्ला, जयविलास आणि तानसेन यांच्यावर दरवर्षी लेख येतात, यंदा काही निराळे द्या. आम्ही ‘सायकल’ म्हटले. दोघे-तिघे हसले. एक ज्येष्ठ काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, ‘‘लिही रे. माझी रॅले अजून जिन्याखाली उभी आहे. सून दर दिवाळीला भंगारात काढायला बघते, मी काढू देत नाही.’’ तेवढ्या जोरावर हा लेख लिहायला घेतला आहे.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. आपली छावणी हे नावही त्याच काळाची खूण सांगते. जुने ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी, लष्कर इकडे, मुरार नदीपलीकडे. अशी तीन गावे मिळून आपले एक शहर झाले, आणि म्हणूनच येथे कोणालाही रोज बरेच अंतर कापावे लागे. पायी जाण्याला जास्त, टांग्याला महाग, अशा अंतराला सायकलीसारखे वाहन नाही. माधव महाराजांच्या वेळची छोटी रेल्वे भिंड, शिवपुरी, श्योपूरला नेई. पण गोरखीच्या शाळेत, बाड्यावरच्या कचेरीत किंवा बिर्लानगरच्या गिरणीत वेळेवर पोहोचवणारे वाहन सायकलच होते.

आमच्या पिढीने त्याचा शेवटचा भाग पाहिला. जे. सी. मिलचा भोंगा वाजला की हजीऱ्याकडच्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा सुटे. हँडलला डबा, कॅरिअरला पिशवी, पँटच्या पायाला क्लिप. त्या लोंढ्यात मोटारवाल्यालाच बाजूला थांबावे लागे. गिरणी बंद झाली आणि तो लोंढा आटला. त्याआधीच्या पिढीतले लोक सांगत की आपल्याच छावणीतल्या कमलसिंहाच्या बागेतले अटलजी तरुणपणी सायकलीवरून शहरभर हिंडत. पंतप्रधान झालेल्या माणसाची आठवण म्हणून ती सांगितली जाते, पण त्या काळी शिकणारा, शिकवणारा, सभेला जाणारा असा सगळाच मध्यमवर्ग सायकलीवर होता. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

आता थोडे मागे, बेळगावला जाऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आपण नांगराशी, पंपाशी आणि किर्लोस्करवाडीशी जोडतो. त्यांच्या कारखानदारीची सुरुवात मात्र सायकलीच्या दुकानातून झाली. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्यावर यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. (आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांना या गोष्टीने फार धीर येतो.) मुंबईत त्यांनी सायकल पाहिली, स्वतः शिकले, आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे विक्रीसाठी सायकली पाठवू लागले. किर्लोस्कर ब्रदर्सचे स्थापनावर्ष १८८८ सांगतात ते याच उद्योगापासून. त्याच वर्षी तिकडे डनलॉपने हवा भरलेला टायर केला होता, आणि दोन सारख्या चाकांची आजच्या घाटाची सायकल निघून जेमतेम तीन वर्षे झाली होती. म्हणजे बेळगाव जगाच्या फारसे मागे नव्हते.

त्या वेळी एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये होती. ज्याच्याकडे एवढा पैसा होता त्याला ती चालवता येत नव्हती, हा खरा प्रश्न. म्हणून रामूअण्णा सायकल विकत आणि चालवायलाही शिकवत, आणि त्या शिकवणीचे पंधरा रुपये घेत. मराठी मुलखात सायकल शिकवण्याचा रीतसर वर्ग म्हणता येईल असा आम्हाला माहीत असलेला हा सर्वांत जुना. आज कोणी सायकल विकताना ‘चालवता येते का’ असे विचारत नाही. शिकणे हे घरातल्या थोरल्या भावावर आणि नशिबावर सोडलेले आहे. आम्ही स्वतः कैंची शिकलो, म्हणजे नळीखालून पाय घालून. वडिलांच्या चोवीस इंची सायकलीवर दोन्ही गुडघे फोडून तोल साधला. वळताना हात दाखवायचा, मागे पाहायचे, उभ्या मोटारीपासून दारभर अंतर ठेवायचे, हे कोणी सांगितले नाही. हे शेवटचे आम्हाला एका उघडलेल्या दाराने शिकवले. हनुवटीवरची खूण अजून आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. चांगले, सपाट, पक्के रस्ते मोटारींसाठी झाले असा सर्वांचा समज आहे. प्रत्यक्षात विलायतेत आणि अमेरिकेत चांगल्या रस्त्यांची पहिली जोरदार मागणी सायकलवाल्यांनी केली. इंग्लंडमध्ये सायकलस्वारांचा संघ १८७८ चा आणि त्याच्याच पुढाकाराने रस्तेसुधारणेची संस्था निघाली ती १८८६ ची. अमेरिकेतला सायकलस्वारांचा संघ १८८० चा. मोटार तेव्हा रस्त्यावर आलेलीही नव्हती. ज्यांनी रस्ता मागून घेतला त्यांनाच पुढे कडेच्या खडीत उतरवले गेले, असा हा इतिहास आहे.

मराठी शहरांत सायकलीचे खरे राज्य पुण्यात झाले. छावणीतल्या अर्ध्या घरांची पुण्यात सोयरीक आहे, तेव्हा डेक्कन, टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता येथल्या सायकलींच्या गोष्टी आपल्या कानावरून गेलेल्याच असतात. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने, नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की शिट्टी मारणारा पोलीस. या बिल्ल्याला लोक वैतागत. पण आज विचार केला तर वाटते की त्यामुळे निदान सायकल सरकारच्या वहीत होती. कर गेला, बिल्ला गेला, आणि शहरात सायकली किती हे मोजण्याचे कारणही कोणाला उरले नाही. वहीत जे नाही ते अंदाजपत्रकात येत नाही, हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

त्याच पुण्याच्या शेजारी, आकुर्डीला, बजाजचा कारखाना उभा राहिला आणि १९७२ पासून चेतक निघू लागली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहून लोकांनी स्कूटर घेतली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बायको, दोन मुले आणि भाजीची पिशवी सायकलीवर मावत नाही. पण दहा-पंधरा वर्षांत रस्त्याचा स्वभाव बदलला. सायकलवाला कमी झाला म्हणून त्याची जागा कमी केली, आणि जागा कमी झाली म्हणून तो आणखी कमी झाला.

पुण्यातल्या मंडळींनी हे निमूट पाहिले नाही, म्हणून पुण्याची गोष्ट येथे थोडी सविस्तर सांगतो. १९८० च्या दशकापासून ‘परिसर’ या संस्थेने आणि सुजित पटवर्धनांसारख्या कार्यकर्त्यांनी एकच गोष्ट लावून धरली, की रस्ता हा माणसांसाठी आहे, वाहनांसाठी नाही. पुढे २००६ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आले, त्यातही जवळपास हेच तत्त्व मान्य झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर असा बीआरटीचा पहिला मार्ग सुरू झाला आणि त्याच्या कडेने सायकल ट्रॅक आखले गेले.

ट्रॅक झाले, पण कसे? कुठे मधोमध विजेचा खांब, कुठे डीपीची पेटी, कुठे चेंबरचे झाकण चार बोटे वर आलेले. चौक आला की ट्रॅक संपणार, आणि चौकातच तर सायकलवाल्याला त्याची खरी गरज. काही ठिकाणी दुकानदारांनी त्यावर स्कूटरी लावल्या, काही ठिकाणी पाणीपुरीच्या गाड्या लागल्या. मग लोक म्हणू लागले, ‘‘बघा, ट्रॅक करून दिले तरी कोणी वापरत नाही.’’ हे वाक्य आम्ही आमच्या खात्यातही ऐकले आहे. नळाला पाणी न सोडता लोकांना पाणी नकोच आहे असे म्हणण्यासारखे ते आहे.

पाठपुरावा करणाऱ्यांनी पुन्हा बैठका घेतल्या, अडथळ्यांच्या नोंदी महापालिकेपुढे ठेवल्या, आणि डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास सायकलमार्गांचे जाळे दाखवले आहे. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधला भाड्याच्या सायकली आल्या. रंगीबेरंगी, मोबाइलने कुलूप उघडणाऱ्या. थोड्या काळात त्या दिसेनाशा झाल्या. आराखडा आहे; तो जमिनीवर फार थोडा उतरला. तरीही आम्ही त्याला अपयश म्हणणार नाही. मंजूर आराखडा ही फाइल असते, आणि फाइल असली की माहिती मागता येते, प्रश्न विचारता येतो, पुढच्या नगरसेवकाला धरता येते. आपल्याकडे ती फाइलच नाही.

मुंबईची गोष्ट थोडक्यात. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास सायकल ट्रॅक झाला. तो मोटारी उभ्या करण्याच्या कामी आला. पवई तलावाच्या काठाचा सायकलमार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, कारण तो तलावाच्या मुळावर येत होता. न्यायालयाचे बरोबरच होते असे आम्हाला वाटते. सायकलीच्या नावाने तलाव बुजवायचा आणि रस्त्यावरची मोटारीची एक इंच जागा मात्र घ्यायची नाही, हा त्यातला खरा दोष. नाशिकने दुसरी वाट धरली. तेथल्या सायकलप्रेमींनी पंढरपूरची सायकलवारी सुरू केली, आणि नाशिकच्याच डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची अवघड शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. गावात सायकलीला मान परत आणायचा तर असेही करावे लागते.

आता थोडे आमच्या धंद्यातले. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलमार्ग कसा आखावा याचा नियम १९६२ सालीच लिहून ठेवला आहे. त्याचा क्रमांक ११. त्यात म्हटले आहे की गर्दीच्या तासाला ४०० सायकली जात असतील आणि मोटारवाहने १०० ते २०० असतील तर वेगळा सायकलमार्ग द्यावा. मोटारवाहने २०० च्या वर गेली तर तासाला १०० सायकली असल्या तरी वेगळा मार्ग योग्य ठरतो. दोन लेनच्या मार्गाची रुंदी किमान दोन मीटर, पुढे प्रत्येक लेनला एक मीटर. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही हे पाठ केले, परीक्षेत लिहिले, पाच गुण मिळवले आणि विसरलो. नोकरीत इतकी वर्षे झाली, या कलमाखाली एक मीटर रस्ताही आमच्या हातून झालेला नाही.

नियम चांगला आहे, पण त्यात एक खोच आहे. तो रस्त्यावर असलेल्या सायकली मोजतो. भीतीने घरी ठेवलेल्या सायकली त्यात येत नाहीत. नदीवर पूल हवा की नको हे पोहून जाणाऱ्यांची संख्या मोजून कोणी ठरवत नाही, पण सायकलमार्गाचे आपण तसेच करतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती आणि मोटार होती ४.७ टक्के घरांत. रस्त्याच्या रुंदीची वाटणी मात्र उलटी.

आणि शिकवण्याचे काय? सायकलीला लायसन लागत नाही, म्हणून परीक्षा नाही, म्हणून शिकवण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. आपल्या देशात याला एक लखलखीत अपवाद झाला, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात, १९९१-९२ मध्ये. साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवायला घेतली. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या हजारो बाया मैदानात सायकल शिकल्या. पाणी आणणे, बाजार, दवाखाना या सगळ्यांसाठी कोणाची वाट पाहणे संपले. पुढे बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, त्यात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. आपल्या मध्य प्रदेशातही २००४-०५ पासून गावाबाहेरच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना मोफत सायकल मिळते. ही योजना आम्हाला मनापासून आवडते. वाटपाच्या दिवशी मुलींचे चेहरे ज्यांनी पाहिले त्यांना कारण सांगायला नको. पण सायकल मिळाल्यानंतर पुढचे काम कोणाचे, हा प्रश्न तेथेही उरतोच. ती मुलगी ज्या रस्त्याने जाणार त्याच रस्त्याने वाळूचे डंपर जातात.

हॉलंडचे नाव निघाले की लोक म्हणतात, त्यांचे वेगळे, ते पहिल्यापासून सायकलवालेच. तसे नाही. १९६० च्या दशकात तेथेही मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७१ या एका वर्षात तेथे ३,३०० च्या आसपास माणसे रस्त्यावर दगावली, त्यांत ४०० हून अधिक मुले. एका पत्रकाराची लहान मुलगी शाळेला सायकलीने जाताना गेली. त्याने लेख लिहिला, त्याच्या मथळ्याचा अर्थ होतो ‘मुलांची हत्या थांबवा’. तेच चळवळीचे नाव झाले. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यात बसले. त्यातून तेथले सायकलमार्ग आले. तेथे प्राथमिक शाळेतल्या मुलांची वाहतुकीची परीक्षा होते, लेखी आणि प्रत्यक्ष सायकलीवर. आपल्याकडे २०२२ मध्ये साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार अपघातात गेले.

भोपाळने जून २०१७ मध्ये पाचशे भाड्याच्या सायकली आणल्या आणि होशंगाबाद रस्त्याच्या कडेने सुमारे बारा किलोमीटरचा वेगळा मार्गही केला. राजधानीला जे जमते ते ग्वाल्हेरला जमू नये असे नाही. आपल्याकडे सध्या स्वर्णरेखेवर उंचावरून जाणारा रस्ता बांधला जात आहे. तो मोटारींसाठी आहे. आपला मेळा १९०५ मध्ये माधव महाराजांनी गुराढोरांच्या बाजारापासून सुरू केला; आज त्याची ख्याती आहे ती मोटारीवरच्या रोड टॅक्समध्ये मिळणाऱ्या सवलतीची. दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक गाडी घ्यायला येतात. आम्हीही आमची गाडी मेळ्यातूनच घेतली, तेव्हा नाक वर करून बोलण्याचा हक्क आम्हाला नाही. एवढेच सुचवतो, की मेळ्याच्या एवढ्या मोठ्या मैदानात एक कोपरा मुलांना सायकल शिकवायला राखून ठेवायला फार खर्च येणार नाही.

आता हा विषय आम्हाला का सुचला ते सांगून टाकावे. आमची मुलगी नववीत आहे. मामाने मागच्या वाढदिवसाला सायकल दिली. शाळा अडीच किलोमीटरवर. ती म्हणाली, ‘‘बाबा, मी सायकलीनं जाते ना शाळेत, व्हॅनचे पैसेपण वाचतील.’’ आम्ही नाही म्हटले. एकदा नाही, चांगले सहा महिने नाही म्हणत राहिलो. ज्याने आयुष्यभर रस्त्यांची मापे घेतली तो बाप स्वतःच्या मुलीला त्याच रस्त्यावर पाठवायला भितो, हे तिने तोंडावर म्हटले नाही, पण तिच्या आजीने म्हटले. ‘‘तू तिच्या वयाचा असताना मुरारपर्यंत जायचास. तेव्हा मी नाही म्हटलं होतं का?’’

मग एका सकाळी शाळेच्या वेळी आम्ही आणि मुलगी वही घेऊन छावणीच्या नाक्यावर उभे राहिलो आणि तासभर सायकली मोजल्या. आकडा येथे देत नाही, एका सकाळच्या मोजणीला आमच्या धंद्यात किंमत नसते. पण गणवेशातल्या सायकलस्वारांत मुली किती, हे तिने वेगळ्या रकान्यात लिहिले होते, आणि तो रकाना पाहून आम्ही दोघेही काही बोललो नाही.

मंडळापुढे आम्ही दोन गोष्टी मांडल्या आहेत. एक, गणपतीच्या दहा दिवसांत रोज सकाळी आरतीआधी तासभर मंडपासमोरच्या मोकळ्या जागेत मुलामुलींना सायकल शिकवायची. तोल, ब्रेक, मागे पाहणे, हात दाखवणे. ज्येष्ठ काकांनी रॅले द्यायचे कबूल केले आहे, मात्र ‘‘ती मीच धरीन’’ या अटीवर. मुलींच्या आयांपैकी ज्यांचे शिकायचे राहून गेले त्यांनीही यावे, संकोच करू नये. दुसरी, छावणीतून जवळच्या शाळांकडे जाणाऱ्या गल्ल्यांचा एक नकाशा करायचा: कोणती गल्ली रुंद, कोठे गटार उघडे, कोठे रात्री दिवा नाही, कोणत्या चौकात शाळेच्या वेळी पोलीस हवा. तो नकाशा आणि त्याखाली घराघरातल्या सह्या घेऊन महापालिकेत द्यायच्या. अर्ज कसा लिहायचा आणि कोणत्या टेबलावर ठेवायचा एवढे तरी आम्हाला नक्की येते.

नकाशाचे काम सुरू झाले आहे. गेले पाच रविवार पहाटे सहाला आम्ही आणि मुलगी दोन सायकली घेऊन निघतो. मोठा रस्ता टाळून आतल्या गल्ल्यांनी तिच्या शाळेपर्यंत जाता येते असे निघाले. चारशे मीटर जास्त पडतात. ती पुढे, आम्ही मागे. खड्डा दिसला की ती डावा हात खाली करून दाखवते. नदी दरवाज्याच्या चौकाला मात्र अजून उत्तर सापडलेले नाही. तेथे आम्ही दोघेही उतरतो आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडतो.